पाचवा नंबर

व्यसनाच्या नादी लागलेली पोरं सुधारावीत तर प्रवचनकारांनीच, असा त्यांचा लौकिक होता. रविवारच्या प्रार्थनेनंतर ते एकेकाला समोर बसवून तासभर मन लावून ऐकून घ्यायचे. घरी मात्र जेवतानाही फोन त्यांच्या कानाला. कुणाचं ना कुणाचं पोर सावरायचं असायचंच.

आज पाचवा नंबर पुकारला आणि आत आली ती त्यांचीच सोळा वर्षांची लेक. कपड्यांना सिगारेटचा वास येत होता.

"तू? अगं, हे कधी लागलं तुला?" नेहमीचा शांत आवाज पार चिरकला.

तिने खुर्ची ओढली आणि ऐसपैस बसली.

 

"परवा, बाबा. त्याशिवाय तुमच्याकडे नंबर लागत नाही, असं बाहेर नंबर देणारे काका म्हणाले."