नवसाचे पाय
कोस बेटावरचं रोमन नाट्यगृह दुरुस्त झाल्यापासून उंच टाचांना तिथे मज्जाव आहे; संगमरवराचे टवके उडतात. दारावर मी होतो. गाणार होती आमचीच थेओनी. ‘स्टेजवर चढलीस तर तुझं तोंड बघणार नाही,’ असं बजावणारी तिची आई समोर उभी, पायात लग्नातले टाचांचे बूट. “मावशी, हे आत चालणार नाहीत. घरी जाऊन बदलून ये.” “तोवर पोरगी गाऊन मोकळी होईल!” तिने बूट माझ्या हातात कोंबले. “अगं, दगड दिवसभर तापलाय, पाय भाजतील!” “ही पोटी यावी म्हणून पानागिया मातेच्या चर्चपर्यंत गुडघ्यांवर चढले होते. दगड मला शिकवू नकोस.” ती थेट पहिल्या रांगेत उतरली. आईला अनवाणी बघून थेओनी गाता गाता थांबली. मावशी पुटपुटली, पण तिथली कुजबुजही शेवटच्या रांगेपर्यंत पोचते: “बघतेस काय? गा!”