पेपरात गुंडाळलेला कॅन

माझा लेक गावच्या पेपराचा संपादक झाला आणि त्याला शिंगंच फुटली. सून आपल्या ब्लॉगवर लिहायची, कारखाना आल्यापासून नळाच्या पाण्याला वास येतो, नातीच्या अंगावर चट्टे उठतात. हा म्हणायचा, "रिकामटेकडीचे उद्योग." मग त्याने पहिल्या पानावर छापलं, 'पाणी निर्धोक', आणि गल्लीने सुनेशी बोलणंच टाकलं. आज हेच संपादकसाहेब मागच्या दाराने घरात आले. खांद्यावर विकतच्या पाण्याचा कॅन, कुणाला दिसू नये म्हणून पेपरात गुंडाळलेला. मला मोठी अक्षरं तेवढी वाचता येतात. पेपरावर लिहिलं होतं, 'पाणी निर्धोक'. "आई, बोलू नकोस कुठे. आपल्या पोरीपुरतंच आहे." खिडकीसमोर शेजारीण मांडीवरच्या तान्ह्याला चमच्याने नळाचं पाणी पाजत होती. मी कॅनवरचा पेपर सोडवून त्याच्या हातात दिला. "सगळ्या गावाचा तुझ्या पेपरावर विश्वास आहे, बाबा. नाही तो फक्त तुझाच."