मास्तरांची अठरा कार्डं

“स्थानिकांना दिवसाला तीन मासे, पाहुण्यांना दोन. आता राहिले वयस्क,” असं म्हणत चिटणिसाने पत्र्याची पेटी टेबलावर उपडी केली.

मागच्या बाकावर बसलेली मास्तरांची लेक पेटीकडे बघत होती.

हंगामातल्या रविवारी तळ्यावर गळ टाकणाऱ्याने दर खेपेला काय धरलं ते कार्डावर लिहून या पेटीत टाकायचं, आणि हंगाम संपला की समितीने त्यावरून मर्यादा ठरवायची, असा नियम होता. ज्या गटाची दहा कार्डंही भरणार नाहीत, त्याची वेगळी मर्यादा रद्द. वयस्कांना चार मासे मिळत, कारण त्यांच्या दगडी ओट्यापाशी पाणी उथळ आणि मासे बोटभर. मर्यादा गेली की ओटाही मासेमारी क्लबच्या पोरांना जाणार होता.

बाबांनी वीस वर्षं तिथेच गळ टाकला. तिच्याकडे दूर राहायला आल्यावरही बसने यायचे. ओटा गेला की त्यांचं म्हणून इथे काही उरणार नव्हतं.

म्हणून दर रविवारी ती बाबांच्या नावाचं कार्ड स्वतःच्या अक्षरात भरून गुपचूप पेटीत सारत आली होती. एक खोटं कार्ड सापडलं तरी अख्खा गट बाद.

अध्यक्ष समोरच बसले होते. सगळ्यांच्या वाट्याची मासळी कापतात म्हणून लोक त्यांना ‘करवत’ म्हणत. एक मासा जास्त धरला म्हणून त्यांनी सख्ख्या भावाचा गळ जप्त केला होता. अंगठ्याला हिरवी शाई, नजर तिच्यावर.

“मास्तर कुठेत?” क्लबवाल्याने डोळा बारीक केला. “का लेकीलाच गळाला लावून पाठवलं?”

सगळे हसले.

“त्यांना नाही जमणार,” ती म्हणाली.

चिटणीस मोजत होता. “बाकीच्यांची तीन. मास्तरांची... अठरा?”

तिने नऊ टाकली होती.

“रविवार नऊ आणि कार्डं अठरा?” क्लबवाल्याने हात पुढे केला. “आणा इकडे. अक्षर बघू द्या जरा.”

उरलेली नऊ दुसऱ्याच कुणीतरी टाकली होती. कुणाला तरी ठाऊक होतं.

गठ्ठा आधी करवतीने उचलला. एकेक कार्ड सावकाश उलटलं. मग रबर लावून खिशात घातला.

“सकाळी येतात, संध्याकाळी येतात. मी स्वतः बघतो ना त्यांना ओट्यावर! वयस्कांना चार कायम. पुढचा विषय?”

तिने चमकून वर पाहिलं. बघतो?

बैठक संपताच ती जिन्याकडे धावली. मागून जड पावलं आली. तिने कठडा घट्ट धरला.

“ताई.”

करवतीने गठ्ठा तिच्या हातात ठेवला. वरची नऊ कार्डं तिची. खालची नऊ हिरव्या शाईत.

“मास्तर गेल्याचं मला हंगामाआधीच कळलं होतं,” ते हळूच म्हणाले. “पुढच्या वर्षीही सकाळचं तुम्ही टाका, संध्याकाळचं मी टाकतो.”