मागचं दार

प्रार्थनामंदिरातला पडदा पेटला आणि प्रार्थनेला जमलेली माणसं एकदम दाराकडे धावली. त्या लोंढ्याने दार धाडकन लागलं. जुन्या काळचं ते जाडजूड दार आतल्या बाजूला उघडणारं. जेवढा रेटा, तेवढं घट्ट.

राखणदारीण बाहेर पायऱ्या झाडत होती. झाडू टाकून तिने दाराला खांदा लावला. दार चार बोटं सरकलं नि पुन्हा मिटलं.

"मागे सरा! दार आत उघडतंय!"

पुढच्यांनी ऐकलं, पण मागचे जीव खाऊन लोटत होते, तर पुढचे सरणार कुठे? कुणीतरी दाराशी चिरडत असल्यासारखं किंचाळलं. फटीतून धूर येऊ लागला. तिची सासूही आतच होती.

तिने फटीला तोंड लावलं आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, "मागचं दार उघडलंय! मागे पळा!"

मागे दार नव्हतं. नुसती दगडी भिंत होती.

आत गलका थबकला. मग एका पुरुषाचा आवाज आला, "अहो आजी, तुम्ही इथल्याच ना? मागे आहे का हो दार?"

सुनेने फटीला कान लावला. सासूबाईंचा उभा जन्म त्या भिंती पुसण्यात गेला होता.

"आहे ना!" सासूबाईंचा खणखणीत आवाज आला. "धक्काबुक्की नको. या माझ्यामागे."

रेटा सैलावला. तिने सगळा जीव एकवटून दार ढकललं. बाहेरचा उजेड आत पडला.

"इकडे या! हेही उघडलं!"

माणसं वळली. खोकत, रडत, एकमेकांना सावरत बाहेर पडली. सासूबाई कुठेच दिसेनात.

तोंडाला फडकं बांधून ती आत घुसली. अगदी मागच्या भिंतीशी सासूबाई एका म्हाताऱ्याचा हात धरून उभ्या होत्या. धुरात दिशाच कळत नव्हती. तिने दोघांना ओढत बाहेर आणलं, पायरीवर बसवलं.

म्हाताऱ्याने खोकत खोकत विचारलं, "पण आजी, ते मागचं दार? मला तर दिसलंच नाही."

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं.

"लावून आले मी," त्या म्हणाल्या.