लॉर्ड विदरम यांचा वरचा मजला

"आणि हा मी," फोटोवर बोट ठेवत लॉर्ड विदरम म्हणाले.

फोटोत एक तरुण लष्करी अधिकारी खुर्चीत बसला होता. त्याचे बूट एका ओणव्या माणसाच्या पाठीवर होते. मागं गाव जळत होतं.

"छान आलाय फोटो," नीलिमाचा नवरा गुरुदत्त म्हणाला.

नीलिमानं फोटोवरून नजर काढून घेतली. पण राहतं घर महिनाअखेरीला सोडायचं होतं. जर्मनीतल्या या कार्ल्सरूहेत चाळीस घरं बघून झाली होती आणि बेझिश्टिगुंगनंतर, म्हणजे घर दाखवून झाल्यावर, पुन्हा बोलावणारा हा पहिलाच घरमालक होता. त्यानं दोनच कुटुंबांना बोलावलं होतं. शिवाय लेकीची, अन्वीची शाळा इथून पलीकडच्या गल्लीत. अडला हरी, गाढवाचे पाय धरी.

लॉर्डसाहेबांचं वय चौऱ्याऐंशी. तरुणपणी ब्रिटिश सैन्यात, मग तीस वर्षं लंडनच्या संसदेत, शेवटी जर्मन बायकोच्या या गावात. बायको गेली आणि वरचा मजला रिकामा झाला.

"आमच्या तुकडीनं कैद्यांचे हाल केले, त्याची चौकशी व्हायची होती," बिस्किट चहात बुडवत ते म्हणाले. "मी संसदेत गेलो आणि ती दाबून टाकली."

"हो, हो," गुरुदत्तनं मान डोलावली. मग मराठीत पुटपुटला, "अगं, हस ना जरा."

"शी! ओकारी येतेय मला. माणूस आहे का कोण हा?"

"भाड्याच्या करारावर सही होऊ दे. मग कोण बघतंय त्याचं थोबाड? आणि म्हातारं माणूस आहे, उलट बोलून काय मिळणार?"

नीलिमा हसली. स्वतःच्याच हसण्याची तिला किळस आली.

लॉर्डसाहेबांनी कपाटातून एक डबी काढली. आत मोत्यांची नथ होती.

"माझे आजोबा साताऱ्याकडे होते. एका बाईनं नवऱ्याचा ठावठिकाणा सांगितला नाही, म्हणून त्यांनी ही तिच्या नाकातून ओढून काढली." त्यांनी डबी नीलिमापुढे धरली. "तुमच्याकडचीच आहे. घालून बघा."

गुरुदत्तनं टेबलाखालून तिचा गुडघा दाबला.

नीलिमाचं नाक लग्नात टोचलेलं होतं. तार आत सरकवताना त्या बाईचं रक्त, फाटलेली नाकपुडी, सगळं तिच्या डोळ्यांपुढे आलं. तरी तिनं नथ घातली आणि मान वर करून विचारलं, "कशी दिसते?"

लॉर्डसाहेबांनी फोटो पालथा घातला आणि चहाचा कप दूर सारला.

"काल दुसरं कुटुंब येऊन गेलं," ते म्हणाले. "ती बाई हाच फोटो बघून उठली. मला नीच म्हणाली, माझ्या तोंडावर थुंकली आणि निघून गेली. हे कुणीतरी करावं म्हणून मी साठ वर्षं वाट बघत होतो. घर मी तिला देतोय."