सिग्नल तुटला

"सिग्नल तुटला, एवढंच. त्याच्या पुढं एक अक्षर बोलायचं नाही," केंद्राची कागदपत्रं बघणारी अंजना म्हणाली.

लालासाहेबांनी मान हलवली. टेबलावर चौकशी समितीचा फॉर्म होता. समिती दुपारी तीनला पोचणार होती. 'अपघाताचे कारण' या रकान्यात अंजनानं ठळक अक्षरात लिहिलं, 'रिमोटचा सिग्नल तुटला.' तिनं बोट ठेवलं तिथं लालासाहेबांनी सही केली. आता फक्त जखमी सुलाबाईचा अंगठा राहिला होता.

लालासाहेबांनी हवाई दलात वीस वर्षं विमानांची देखभाल केली होती. चालवलं एकही नव्हतं. निवृत्त होऊन आल्यावर त्यांनी खंडाळ्याच्या वरच्या माळावरचे दगड दोन वर्षं वेचले आणि धावपट्टी केली. पुढं तेच मॉडेल विमानं उडवणाऱ्यांचं राष्ट्रीय केंद्र झालं. जानेवारीच्या स्पर्धेला कोइमतूरपासून चंदीगडपर्यंतची माणसं यायची. गाड्यांच्या टपावर लांबलचक खोकी बांधलेली असायची.

यंदा चौदाच नावं आली होती. बाकीचे ड्रोनकडं वळले होते. राष्ट्रीय मान्यता आहे तोवरच ग्रामपंचायत माळ देणार होती, आणि सोलरवाले दोनदा माळ मोजून गेले होते. समितीचा नियम साधा होता. यंत्राचा दोष निघाला तर ताकीद. केंद्रप्रमुखाची चूक निघाली तर मान्यता रद्द.

गेल्या मंगळवारी सकाळी लालासाहेब एकटेच माळावर होते. स्पर्धेआधी नवं ग्लायडर उडवून बघायचं होतं. त्याला इंजिन नसतं. दोरीनं वर ओढून सोडायचं, मग ते गरम हवेवर आवाज न करता तरंगत राहतं. ते छान वर चढलं. गोल गोल फिरू लागलं. मग अचानक ऐकेनासं झालं. त्यांनी उजवीकडं वळवायचा प्रयत्न केला, ते डावीकडंच फिरत राहिलं. खाली आणायला गेले, ते आणखी वर गेलं. शेवटी डोंगराच्या धारेपलीकडं दिसेनासं झालं. तेवढ्यात पाठीमागून, कुंपणाच्या बाजूनं, किंकाळी आली. शेरडं राखणाऱ्या सुलाबाईच्या खांद्यावर ग्लायडर आदळलं होतं. खांद्याचं हाड मोडलं होतं.

धारेपलीकडं गेलेलं विमान पाठीमागून कसं आलं, याचा त्यांना उलगडा होत नव्हता. नंतर रिमोट तपासला तर बिनतक्रार चालत होता. पण सिग्नल तुटल्यावर विमान कुठंही भरकटतं, असं सगळेच म्हणाले. त्यांनाही ते पटलं.

लालासाहेब फॉर्म घेऊन पोचले तेव्हा सुलाबाई तिच्या घराच्या ओट्यावर बसली होती. उजवा हात गळ्यात बांधलेला. तिची सून मंगल स्पर्धेच्या वेळी चौदा वर्षं केंद्रावर जेवण करत आली होती. तिनं लगबगीनं घोंगडं अंथरलं.

"सुलाबाई, लय दुखतंय का?"

"दुखायचंच की, सायेब. हाड हाय. पर तुमी काय मुद्दाम केलं व्हय?" ती म्हणाली. "आणा तो कागद. डावा अंगठा चालंल न्हवं?"

लालासाहेबांनी फॉर्म ओट्यावर पसरला. त्यांनी शाईचं पॅड उघडलं. तिनं अंगठा शाईवर टेकवला आणि विचारलं, "काय लिवलंय ह्यात?"

"सिग्नल तुटला म्हणून लिवलंय."

"म्हंजी काय वं?"

"म्हंजी मी रिमोटवरनं सांगत हुतो, पर त्याला ते पोचत न्हवतं. मी म्हणायचं उजवीकडं, त्यानं फिरायचं डावीकडं. मी खाली बोलवावं तर ते वर. काय केल्या ऐकंना."

सुलाबाईनं त्यांच्याकडं नवलानं बघितलं.

"आवं सायेब, ती कशी ऐकंल? ती घार हुती."

लालासाहेबांनी शाईचं पॅड खाली ठेवलं.

"तुमचं इमान तुमच्या पाठीमागं, माझ्या डोस्क्यावर आलं हुतं. आन् तुमी त्या घारीकडं बगून रिमोट हलवत हुता. मी किती वरडले." ती रागानं बोलत नव्हती. माळावर काय दिसलं ते सांगत होती, इतकंच. "द्या हिकडं. कुठं लावू अंगठा?"

"सासूबाईंचं मनावर घेऊ नका, सायेब," मंगल घाईनं म्हणाली. "घ्या त्यांचा अंगठा. केंद्र ऱ्हायला पायजे."

लालासाहेब ओट्यावरून उठून अंगणात आले. मान वर करून उभे राहिले. ऊन स्वच्छ होतं. माळावर काहीतरी फिरत होतं, गोल गोल, संथ. त्यांनी डोळे बारीक केले. मग हाताची सावली धरली. बराच वेळ बघितलं. पक्षी होता की कुणाचं विमान, सांगता येईना.

ते परत आले. सुलाबाईचा शाईचा अंगठा हवेतच होता. त्यांनी तो आपल्या रुमालानं पुसला, एक एक रेघ. मग फॉर्म गुडघ्यावर घेतला. अंजनाच्या अक्षरांवर आडवी रेघ मारली आणि कागद नाकाला लागेल इतका जवळ धरून खाली लिहिलं, 'विमान ठीक होते. उडवणाऱ्याला दिसत नाही.'