मान टाकलेला स्कॅनर

“पुस्तकांची पडताळणी माझ्यामुळे नाही, साहेब, तुमच्यामुळे रखडलीय!”

समितीच्या भरसभेत ग्रंथपाल तोडकरबाईंनी वाचनालयाच्या कार्यवाहांना तोंडावर सुनावलं. पुस्तकांचे बारकोड वाचणारा स्कॅनर रोज सकाळी तासाभरातच मान टाकायचा. बाई तो चार्जिंगला लावत नाहीत, त्यांना घरी बसवा, असा कार्यवाहांनी धोशाच लावला होता.

“रोज संध्याकाळी लावूनच घरी जाते मी.”

“मग रात्री बॅटरी उंदीर खातात वाटतं?” कार्यवाह खिदळले. समितीही हसली.

बाई जागच्या हलल्या नाहीत. “मघाशी वीजबिल कमी केलं म्हणून टाळ्या घेतल्यात. रोज सगळ्यांत शेवटी बाहेर पडताना मेन स्विच स्वतःच्या हातानं बंद करतो, हेही छाती फुगवून सांगितलंत.”

खोलीतलं हसू विरलं. सगळे कार्यवाहांकडे बघू लागले.

“आता यांच्यासमोरच सांगा, रात्री तो स्कॅनर मी कुठल्या विजेवर चार्ज करू?”